जर्मनीत एफएसजे करायचंय? मग कुठला कागद आधी काढायचा ते बघून घ्या

बारावी किंवा ग्रॅज्युएशन झालं की एक वर्ष जर्मनीत जायचं, वृद्धाश्रमात नाहीतर दिव्यांगांच्या घरात नाहीतर बालवाडीत काम करायचं, राहायची सोय आणि पॉकेटमनी मिळतो, हे आता आपल्याकडं सांगली-कोल्हापूरपासून नागपूरपर्यंत बऱ्याच पोरापोरींना माहिती झालंय. माहिती नसतं ते मधलं. म्हणजे जायचं ठरवल्यापासून विमानात बसेपर्यंतचं. मी तासगावकडची, जर्मनचा पहिला तास ते विमान यात माझे पंधरा महिने गेले आणि त्यातले चार-पाच महिने निव्वळ यामुळं गेले की मी सोपी कामं आधी करत बसले आणि वेळखाऊ कामं मागं ठेवली. रडले पण आहे त्यात, एकदा नाही तीन-चारदा. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, लांब झालंय पण पूर्ण वाचा.

आधी दोन नावं नीट समजून घ्या, कारण फॉर्म वेगळे असतात. एफएसजे म्हणजे फ्राइविलिगेस सोत्सियालेस यार, स्वेच्छेनं करायचं सामाजिक सेवेचं वर्ष, याचा कायदा १९६४ पासूनचा आहे, आणि हे २७ वर्षं पूर्ण व्हायच्या आतच करता येतं. बीएफडी म्हणजे बुंडेसफ्राइविलिगनडीन्स्ट, याला वयाची वरची मर्यादा नाही आणि हे जुलै २०११ मध्ये सुरू झालं. का सुरू झालं ते माहिती असू दे. त्या वर्षी जर्मनीनं सक्तीची लष्करी सेवा थांबवली आणि सैन्याऐवजी दवाखान्यात, वृद्धाश्रमात नागरी सेवा करणारी जी हजारो पोरं होती ती एकदम बंद झाली, मग ती कामं करणार कोण म्हणून सरकारनं बीएफडी आणलं. म्हणजे तिथं खरंच हात कमी पडतात, तुम्हाला बोलावतात ते काम करायला, फिरायला नाही. मुलाखतीत निम्मे प्रश्न याच एका गोष्टीभोवती फिरतात, ते पुढं सांगते.

दोन्हीत साधारण बारा महिने, सहापेक्षा कमी नाही, आणि २७ च्या आतल्यांना बारा महिन्यांत २५ दिवस सेमिनार असतात. पॉकेटमनीला वरची मर्यादा कायद्यानं ठरलेली आहे, २०२५ साली ती महिन्याला ६४४ युरो होती, पण ही जास्तीत जास्त रक्कम आहे, प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी याहून बरंच कमी देतात. जागा आणि जेवण धरून की सोडून हे दर वेळी विचारायचं.

एजंटचं आधीच सांगते म्हणजे विषय संपतो. मला पुण्यात एकानं अडीच लाख सांगितले होते. पप्पांनी द्राक्षाच्या पैशातून द्यायची तयारी पण केली होती, छाटणीला काढून ठेवलेले होते त्यातून. नशीब की क्लासमधल्या एका सीनियर ताईनं अडवलं. तिनं सरळ विचारलं, तो करणार काय ते लिहून घे. लिहून घेतलं तर यादीत होतं काय, सीव्ही बनवणे, संस्थांना ईमेल करणे, अपोस्टील म्हणजे परदेशात कागद खरा धरावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का, तो करून देणे, व्हिसाचा फॉर्म भरणे. यातलं एकही काम तुम्हाला जमणार नाही असं नाही, आणि जर्मनीतल्या संस्थांना अर्ज करायला पैसे लागत नाहीत. कारितास, डियाकोनी, जर्मन रेड क्रॉस, आरबाइटरवोलफार्ट म्हणजे आवो, अशा मोठ्या संस्था आहेत, त्यांच्या प्रत्येक राज्यात वेगवेगळ्या शाखा आहेत आणि त्या परदेशातून अर्ज घेतात का हे शाखेनुसार बदलतं. यांना ट्रेगर म्हणतात. ट्रेगर म्हणजे तुमची जबाबदारी घेणारी संस्था, आणि प्रत्यक्ष जिथं काम करायचं ती जागा म्हणजे आयनझात्सश्टेले. हे दोन शब्द पाठ करा, सगळ्या पत्रव्यवहारात हेच येतात.

आणि ते अपोस्टील. भारत २००५ पासून अपोस्टीलच्या करारात आहे हे खरं, पण जर्मनीनं भारताच्या सामील होण्यावर आक्षेप घेतलेला आहे, त्यामुळं आपलं अपोस्टील जर्मनीत धरत नाहीत. तरी पॅकेजमध्ये विकतात. माझ्याबरोबरच्या एका मुलानं दहावी, बारावी, जन्मदाखला सगळ्यांवर शिक्के मारून घेतले, मंत्रालयात दोन हेलपाटे, आणि ते कुणी बघितलं पण नाही.

नाव

सगळ्यात आधी काय करायचं तर तुमचं नाव सगळ्या कागदांवर एकसारखं आहे का ते बघा. आज बघा, हे वाचून झालं की. आपल्या बोर्डाच्या दहावी-बारावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टला सरनेम वेगळं आणि गिव्हन नेम वेगळं. आता गिव्हन नेममध्ये वडिलांचं नाव घातलं की नाही, आधारवर काय आहे, कॉलेजच्या मार्कशीटवर आईचं नाव मध्ये घुसलंय का, एवढ्या ठिकाणी पाहायचं असतं. माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर पप्पांच्या नावात एक इंग्रजी अक्षर जास्त होतं, एवढंच, पण पासपोर्टवर ते नव्हतं आणि मग पुढं प्रत्येकजण विचारायला लागला.

शाळेमार्फत बोर्डाकडून दुरुस्ती होते पण वेळ लागतो, हा पहिला वेळखाऊ कागद. म्हणून पासपोर्ट अजून काढलाच नसेल तर दहावीच्या सर्टिफिकेटवर जसं आहे तसंच स्पेलिंग धरून काढा, निम्मी कटकट तिथंच संपते. पासपोर्ट आधीच असेल आणि फरक किरकोळ असेल तर नोटरीकडून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं अ‍ॅफिडेव्हिट इंग्रजीत करून ठेवा. आणि जर्मनच्या परीक्षेचा फॉर्म भरताना नाव पासपोर्टवरूनच बघून भरायचं, तोंडपाठ आहे म्हणून टाइप करायचं नाही.

एक छोटी गोष्ट, पासपोर्टमध्ये गिव्हन नेममध्ये वडिलांचं नाव असेल तर जर्मन माणसाला ते तुमचंच दुसरं नाव वाटतं. माझ्या कामाच्या ठिकाणी पहिल्या दिवशी जो बिल्ला दिला त्यावर माझ्या नावापुढं पप्पांचं नाव छापलेलं होतं आणि तिथल्या एक आजी मला महिनाभर पप्पांच्या नावानं हाक मारायच्या. मी बदलून घेतलं नाही, मला ऐकायला बरं वाटायचं.

गोवराची लस

हे कुणीच सांगत नाही म्हणून ठळक सांगते. जर्मनीत १ मार्च २०२० पासून गोवर संरक्षण कायदा आहे. १९७० नंतर जन्मलेल्या कुणालाही बालवाडीत, शाळेत, दवाखान्यात काम करायचं असेल तर गोवराच्या दोन लसी घेतल्याचा किंवा रक्तात प्रतिकारशक्ती असल्याचा पुरावा द्यावा लागतो. स्वयंसेवकालासुद्धा. आणि कायद्यात तुमची जागा बसत नसली तरी बरेच ट्रेगर सरसकट मागतात.

मला हे कळलं जूनमध्ये, करार झाल्यावर, सप्टेंबरला हजर व्हायचं होतं. आईनं लोखंडी पेटी उघडली, त्यात माझी पत्रिका, बाळाच्या पायाचा ठसा घेतलेला कागद आणि त्याच्या खाली प्राथमिक आरोग्य केंद्राचं कार्ड, पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं. नवव्या महिन्याच्या रकान्यात गोवर, तारीख आणि नर्सबाईंची सही. पुढं काहीच नाही. तेव्हा आपल्याकडच्या सरकारी वेळापत्रकात गोवराचा एकच डोस होता, दुसरा नंतर आला, त्यामुळं ज्यांचा जन्म २००० च्या पुढं दहा-एक वर्षांतला आहे त्यातल्या बहुतेकांच्या कार्डावर असंच असणार. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली होती, पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना टोचलं होतं, तुम्ही त्यात असाल तर शाळेत मिळालेला कागद शोधा. मला टोचलेलं आठवत होतं, डाव्या दंडाला, मराठीच्या तासाला, पण कागद नव्हता आणि आठवणीला तिथं कुणी विचारत नाही.

दोन रस्ते आहेत. एक, एमएमआर लस परत घ्यायची, कार्डावर एक डोस असेल तर अजून एक, काहीच नसेल तर दोन, मध्ये निदान चार आठवडे. दुसरा, गोवराची आयजीजी टेस्ट, रक्त देऊन प्रतिकारशक्ती आहे का बघायची आणि रिपोर्टबरोबर डॉक्टरांचं पत्र घ्यायचं. मी लस घेतली. डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत लिहून घ्या, लसीचं नाव, तारीख, बॅच नंबर, सही, शिक्का, आणि जुन्या कार्डाचा स्कॅन सोबत. मुलींनी हे पण लक्षात ठेवा, एमएमआर गरोदरपणात चालत नाही, डॉक्टर विचारतील, त्यात अवघडण्यासारखं काही नाही. हिपॅटायटिस बी पण केअरच्या कामाला विचारतात, त्याचे डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात, म्हणून हे पण आत्ताच चालू करा.

भाषा

बहुतेक ठिकाणी जर्मनची बी वन पातळी मागतात, म्हणजे ए वन, ए टू च्या पुढची तिसरी पायरी. ए टू वर घेणारे पण आहेत पण खरं सांगायचं तर बी वन घेऊन पण पहिले दोन महिने मला काही कळत नव्हतं, तर ए टू वर जाऊ नका.

पुण्यात बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवन, म्हणजे जर्मन शिकवणारी आणि परीक्षा घेणारी गोएथे इन्स्टिट्यूट आहे, शिवाय प्रायव्हेट क्लास भरपूर, आता ऑनलाइन पण. क्लास कुठं लावायचा हा प्रश्न लोक सहा महिने चघळतात, तो तेवढा महत्त्वाचा नाही. मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एका साध्या क्लासला जात होते. त्रास परीक्षेच्या तारखेचा असतो. जागा उघडतात आणि बघता बघता भरतात, माझं दोनदा असं झालं की पेमेंटच्या पानावर येईपर्यंत फुल. त्यामुळं तयारी झाली की मग तारीख बघू असं करू नका, परीक्षेचं रजिस्ट्रेशन कधी उघडणार ती तारीख आधी काढा आणि त्या मापानं अभ्यास लावा. एकच केंद्र धरून बसू नका, मुंबई, बंगळूर पण बघा.

गोएथेची बी वन चार भागांत असते, वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकाला १०० मार्क आणि पास व्हायला ६०. यातली चांगली गोष्ट अशी की एखादा भाग राहिला तर तेवढाच परत देता येतो. माझं ऐकणं राहिलं, ५७. तीन मार्कांनी. त्या दिवशी मी रूमवर जाऊन कुणाशी बोललेच नाही, आईचा फोन पण उचलला नाही. पण महिन्याभरानं तेवढाच भाग दिला आणि निघाला. म्हणजे पूर्ण परीक्षा वाया जात नाही, हे आधी माहिती असतं तर मी ती रात्र जेवले असते.

लिहिण्यात तीन कामं असतात, एक ईमेल आणि एका विषयावरचं मत, दोन्ही ८० शब्दांच्या आसपास, आणि ४० च्या आसपास अजून एक ईमेल, त्यातलं शेवटचं जरा आदरानं लिहायचं असतं, साहेबांना वेळ मागणं, येऊ शकत नाही म्हणून कळवणं असं. हे शेवटचं घोटून घोटून करा, कारण पुढं ट्रेगरला तुम्ही जे पंचवीस-तीस ईमेल लिहिणार ते सगळे याच पद्धतीचे असतात. परीक्षेची तयारी आणि अर्जाची तयारी इथं एकच आहे.

अर्ज आणि ती शांतता

कामं बहुतेक १ ऑगस्ट किंवा १ सप्टेंबरला चालू होतात. तुम्ही भारतातून जाणार, व्हिसाला महिने जाणार, म्हणून अर्ज आदल्या वर्षीच्या नोव्हेंबर ते जानेवारीत पाठवायचे. तेव्हा बी वन झालेलं नसेल तरी चालतं, ए टू चं सर्टिफिकेट जोडा आणि बी वनची परीक्षा अमुक तारखेला आहे असं स्पष्ट लिहा.

मी २६ ठिकाणी पाठवले. १७ ठिकाणांहून काहीच आलं नाही, पाच नकार, चौघांनी फॉर्म पाठवला, दोन मुलाखती. हे आकडे मुद्दाम देते कारण मला तेव्हा कुणी दिले असते तर मी दहाव्या दिवशी खचले नसते. उत्तर न येणं म्हणजे तुम्ही वाईट आहात असं नाही, त्या शाखेत परदेशातून घ्यायची सोयच नसते कित्येकदा.

काही गोष्टी कामाच्या आहेत. सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये, फाइलला तुमचं नाव. सीव्हीत महिना आणि वर्ष, आणि मध्ये गॅप असेल तर काय करत होता ते लिहा, घरी शेतात होते असं लिहिलं तरी चालतं, मी लिहिलंय, मुलाखतीत त्यांनी त्याबद्दल आवडीनं विचारलं. दोन आठवड्यांनी एक आठवण करणारा ईमेल, त्यानंतर अजून तीन आठवड्यांनी एक, मग सोडून द्या. ख्रिसमसपासून ६ जानेवारीपर्यंत बरीच ऑफिसं सुस्त असतात, आणि शुक्रवारी दुपारनंतर सहसा काही येत नाही. मी शुक्रवारी रात्री बारा-बारा वाजेपर्यंत इनबॉक्स रिफ्रेश करत बसायचे, त्याचा काही उपयोग नाही. एक वही करा, तारीख, संस्था, काय पाठवलं, परत कधी विचारायचं. वहीत लिहिलं की ते डोक्यातनं उतरतं, निदान माझं तरी उतरलं.

मोटिवेशन लेटरमध्ये "मला जर्मन संस्कृती आवडते" लिहू नका. सगळे तेच लिहितात. तुम्ही कधी कुणाचं काही केलंय का ते लिहा. एनएसएस केलं असेल तर दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर असतं, तिथं नेमकं काय केलं ते सांगा, गाव कुठलं, बंधारा बांधला की सर्व्हे केला. सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला गेला असाल तर ते लिहा, पण बाबा आमटे कोण आणि आनंदवन काय हे एका ओळीत सांगून, त्यांना माहिती नसतं. मी आज्जीचं लिहिलं. तिला पॅरालिसिस झाला तेव्हा दोन वर्षं तिला अंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं हे आई आणि मी करायचो. आपल्याकडं याला कुणी अनुभव म्हणत नाही, घरचंच काम म्हणतात. पण मला ज्या जागेनं घेतलं त्यांनी त्याच एका परिच्छेदावर अर्धा तास बोलणं केलं.

मुलाखत व्हिडिओवर होते. वेळेचं बघा, भारत आणि जर्मनीत हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं पुढं जातात, मग साडेतीन तास. माझी एक मुलाखत नेमकी त्या रविवारनंतरच्या सोमवारी होती. मी साडेचार तासच धरून बसले आणि एक तास उशिरा जॉइन झाले, समोर कुणी नव्हतं. माफीचा ईमेल पाठवला, पण ती जागा गेली. दुसऱ्या मुलाखतीच्या वेळी मी फोनवर त्या गावाचं घड्याळच लावून ठेवलं.

त्या दुसऱ्या मुलाखतीत बाईंनी हसतखेळत चालू केलं आणि मग सरळ विचारलं, एखाद्या मोठ्या माणसाला धुवायला, डायपर बदलायला तुम्हाला जमेल असं वाटतं का. घाई करू नका म्हणाल्या, विचार करून सांगा. इथं बरेचजण पटकन हो हो म्हणतात, मला नाही वाटत ते बरोबर आहे. मी सांगितलं की आज्जीचं केलंय, परक्या पुरुषाचं कधी केलं नाही, पहिल्यांदा भीती वाटेल, कुणी शिकवलं तर करीन. त्यांनी ते लिहून घेतलं. तुम्हाला खरंच जमणार नसेल तर तसं सांगा आणि बालवाडी, शाळा, किचन अशी कामं मागा, ती पण असतात. तिथं जाऊन तिसऱ्या आठवड्यात रडत परत येण्यापेक्षा हे किती तरी बरं.

करार आला की

आनंदात सही करू नका, आधी वाचा. एफएसजेचा करार तुमच्यात आणि ट्रेगरमध्ये असतो, बीएफडीचा तुमच्यात आणि जर्मन सरकारमध्ये, त्यावर संबंधित सरकारी कार्यालयाचं नाव येतं, त्यामुळं बीएफडीचा कागद हातात यायला उशीर होतो, घाबरू नका. आठवड्याचे तास किती, सुट्ट्या किती, पॉकेटमनी किती, खोली ते देणार की तुम्ही शोधायची, जेवण की जेवणाचे पैसे, हेल्थ इन्शुरन्स कुठल्या तारखेपासून. खोलीचं उत्तर गोलमोल आलं तर परत विचारा, आणि परत विचारा. खोली नाही म्हणजे अर्ध्या पैशाचं भाडं, आणि व्हिसाच्या ठिकाणी पण तोच प्रश्न.

व्हिसा. महाराष्ट्र आणि गोव्याचं काम मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटकडं येतं. नॅशनल व्हिसा, फी ७५ युरो, ती रुपयांत भरायची. ज्या दिवशी फाइल लावायला बसाल त्या दिवशी कॉन्सुलेटच्या साइटवरची चेकलिस्ट नव्यानं उघडा, मैत्रिणीनं मागच्या वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली वापरू नका, यावरून खूप फाइली अडतात. स्टुडंट लोकांचं ते ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे वर्षाचा खर्च आधीच बँकेत अडकवून ठेवायचा, ११,९०४ युरो, ते ऐकून कित्येक घरांत विषयच बंद होतो. तुमचं वेगळं आहे, तुमच्या करारात खोली, जेवण, पॉकेटमनी मिळून खर्च भागतो का हे बघतात. भागत नसेल तरच फरक दाखवायचा प्रश्न येतो, म्हणून वर म्हणलं की खोलीचं लेखी घ्या. आमच्या घरी पप्पांनी त्या आकड्यावरून महिनाभर झोप घालवली होती आणि त्याची गरजच नव्हती.

तिथं तुम्हाला विचारतील की वर्षानंतर काय करणार. खरं आहे ते बोला. नुसता पॉकेटमनी मिळतो म्हणून किंवा कसंही करून जर्मनीत घुसायचं म्हणून जाणारे असतात, अधिकाऱ्यांना ते कळतं. नकार आला तर आधी रिमॉन्स्ट्रेशन म्हणून फेरविचाराचं पत्र देता यायचं, १ जुलै २०२५ पासून ते बंद झालंय. आता परत नव्यानं अर्ज करायचा नाहीतर बर्लिनच्या कोर्टात जायचं. म्हणून पहिलीच फाइल पूर्ण लावा, एक कागद राहिला असेल तर तो येईपर्यंत थांबलेलं परवडतं.

वाट बघायचा काळ सगळ्यात वाईट. माझे अकरा आठवडे गेले. शेजारपाजारचे रोज विचारतात, झालं का गं तुझं जर्मनीचं, आणि आपण नाही म्हणत राहतो. मी त्या काळात गावातल्या एका डॉक्टरांकडं रोज दोन तास बसायला जायला लागले, ड्रेसिंग बघायला, आणि जर्मन रेडिओ कानात. तिकीट मात्र व्हिसा हातात येईपर्यंत काढलं नाही. उशीर झाला तर ट्रेगरला कळवा, काम एक महिना पुढं ढकलायची बऱ्याच ठिकाणी सोय असते, गप्प बसलात तर जागा दुसऱ्याला जाते.

घरचे

हे कुठल्या चेकलिस्टमध्ये नसतं पण माझी सगळ्यात जास्त ताकद इथं गेली. पप्पा म्हणाले, पदवी घेऊन म्हाताऱ्यांचं हागणं-मुतणं काढायला साता समुद्रापार जायचं? मामा म्हणाला लग्नाला काय सांगायचं. मी पहिल्यांदा सरळ बोललेच नाही, सोशल वर्क आहे, ट्रेनिंग आहे असं सांगत राहिले आणि मग प्रत्येक वेळी काहीतरी नवीन बाहेर आलं की घरात भांडण. शेवटी एक दिवस करार समोर ठेवला आणि एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली, काम काय, पैसे किती, सुट्टी किती, परत कधी. आईनं मध्येच विचारलं, मग सासूबाईंचं केलंस तसंच की हे. हो म्हणलं, तसंच. त्यानंतर पप्पा गप्प झाले आणि दुसऱ्या दिवशी बँकेत चला म्हणाले.

तुमच्याकडं असं पटकन होईलच असं नाही. पण करार मराठीत वाचून दाखवा, पूर्ण, नको वाटणाऱ्या ओळींसकट. आणि हे पहिल्या महिन्यात करा, व्हिसा आल्यावर नाही.

निघताना

सगळे मूळ कागद हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. लसीचं पत्र, करार, बी वन, इन्शुरन्स, खोलीचा पत्ता छापून. तिथला हेल्थ इन्शुरन्स काम चालू झाल्यापासून लागतो, तुम्ही चार दिवस आधी पोचणार असाल तर त्या दिवसांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स वेगळा काढा. पोचल्यावर दोन आठवड्यांत गावाच्या ऑफिसात पत्त्याची नोंद करायची असते, त्याला घरमालकाची सही असलेला एक कागद लागतो, तो कोण देणार हे निघायच्या आधीच ट्रेगरला विचारून ठेवा. आणि शनिवारी-रविवारी उतरू नका. मी शनिवारी रात्री उतरले, रविवारी तिथं दुकानं बंद, किल्ली असलेल्या काकू गावाला गेलेल्या, आईनं डब्यात दिलेल्या धपाट्यांवर आणि शेंगदाण्याच्या चटणीवर सोमवार सकाळपर्यंत काढलं. डबा मोठा द्या म्हणावं.